संयोजी ऊती शिकताना या चुका टाळा

रक्त ही संयोजी ऊती (शरीराचे भाग जोडणारा, त्यांना आधार देणारा पेशीसमूह), हे नववीतली मुलं पाठ करतात. का, असं विचारलं की गप्प. कारण त्यांचं सगळं लक्ष पेशींकडे असतं. अभिस्तर ऊतींत, म्हणजे त्वचेसारख्या आवरणांत, पेशी एकमेकींना खेटून बसतात. संयोजी ऊतींत त्या विखुरलेल्या असतात आणि मधली जागा आधारकाने भरलेली असते. ऊती कशी वागणार हे मुख्यतः त्या आधारकावर ठरतं. रक्तात तो द्रव, कास्थीत (कूर्चेत) घट्ट पण लवचीक, तर अस्थीत कॅल्शियम फॉस्फेटमुळे कडक. उत्तरात आधी आधारक लिहा, पेशी मागाहून. बराचसा गोंधळ तिथेच मिटतो.

अस्थिबंध हाडाला हाड जोडतो आणि स्नायुरज्जू स्नायूला हाड, यांची अदलाबदल दरवर्षी होते. घोट्यामागचा जाड पट्टा चिमटीत धरून टाच वरखाली करा. पोटरीच्या स्नायूचा हा स्नायुरज्जू एकदा हाताला लागला की विसरायला होत नाही.

हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम, हा समज मात्र मोठ्यांचाही असतो. कोंबडीच्या पंखाचं बारीक हाड साफ करून चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. क्षार विरघळून जातात, कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू उरतात आणि हाड वाकायला लागतं. नाही वाकलं तर व्हिनेगर बदलून आणखी दोन-तीन दिवस थांबा. बहुतेक वेळा तंगडीचं जाड हाड घेतल्यामुळे प्रयोग रखडतो. उलट, हाड निखाऱ्यांवर जाळलं तर कोलॅजेन जळतं आणि उरलेलं हाड बोटांनी चुरडता येतं. कडकपणा क्षारांचा, चिवटपणा कोलॅजेनचा. जिवंत हाडात तर अस्थिपेशी आणि रक्तवाहिन्याही असतात. आकृतीत हॅवर्सची नलिका (रक्तवाहिन्यांची बारीक वाट) आणि तिच्याभोवतीची वर्तुळं दाखवायची ती अस्थीत. कास्थीत ती काढली की गुण गेलेच.

कास्थीच्या आत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण भोवतालच्या आवरणातून, सांध्यात तिथल्या द्रवातून, झिरपत मिळतं. म्हणून इजा झाली की ती भरून यायला फार वेळ लागतो. हे वाक्य परीक्षेपुरतं पाठ करून भिकबाळी टोचायला जाणारे पुष्कळ आहेत. कानाच्या पाळीत कास्थी नसते, त्यामुळे तिथलं भोक साधारण दीड-दोन महिन्यांत बरं होतं. भिकबाळी टोचतात कानाच्या वरच्या भागात, तिथे कास्थी आहे आणि कित्येक महिने लागू शकतात. पाळीच्या हिशोबाने घाईत बाळी बदलू नका, सारखी फिरवू नका. कान लाल होऊन सुजला, ठणकायला लागला, पू आला, तर हळद-तेलावर दिवस काढू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. संसर्ग कास्थीपर्यंत गेला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो.