जुन्या पीसीत ग्राफिक कार्ड टाकताय? या चुका टाळा

"नवं कार्ड टाकलं ओ, पण डिस्प्लेच येईना." आठ-दहा वर्षं वापरलेल्या पीसीत कार्ड बसवलं की ही तक्रार हमखास ऐकू येते, आणि बहुतेक वेळा कार्ड धडधाकट असतं. चूक खरेदीच्या क्रमात असते. कार्ड आधी पसंत होतं आणि कॅबिनेट मागाहून उघडलं जातं. पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवलेलं कार्ड सोलापुरातून परत पाठवणं म्हणजे पार्सल, फोनाफोनी आणि मनस्ताप. म्हणून पैसे द्यायच्या आधी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढा आणि टॉर्च मारून आत बघा.

त्याही आधी कार्डाची गरज आहे का, ते ठरवा. चादर-टॉवेलचं जॅकार्ड डिझाइन, फ्लेक्सचं कोरलड्रॉमधलं काम, टॅली यांसाठी पीसी रखडत असेल, तर तिथे एसएसडी आणि दुसरी रॅम स्टिक घाला. फरक लगेच दिसेल आणि खर्चही कमी येईल. कार्ड हवं ते गेमसाठी, ब्लेंडरमधल्या थ्रीडी कामासाठी, लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्यासाठी.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लोकल एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ४५० वॉट छापलेलं असतं आणि माणूस निर्धास्त होतो. तो आकडा सोडा. स्टिकरवरचा बारीक अक्षरांतला तक्ता वाचा आणि +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. १६ लिहिलं असेल, तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड, दोघांनाही मुख्यतः याच लाइनवरून वीज मिळते. ९५ वॉटच्या प्रोसेसरसोबत १२० वॉटचं कार्ड लावलंत, की डेस्कटॉपवर सगळं सुरळीत चालेल आणि गेम सुरू होताच पीसी फटकन बंद पडेल. लोक मग ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बदलत बसतात, विंडोज नव्याने टाकतात. रोग तिथे नसतोच.

पीसीआय एक्सप्रेसच्या लांब स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्यापुढची वीज वेगळ्या वायरने द्यावी लागते. ६ पिनमधून ७५ वॉट, ८ पिनमधून १५०. एसएमपीएसला ती वायर नसेल, तर हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या वायरीला कन्व्हर्टर जोडायचा सल्ला कोणीतरी देतोच. तो ऐकू नका. साटाच्या कनेक्टरची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॉट आहे. त्यातून ७५ ओढायला गेलात तर प्लास्टिक वितळतं, आगही लागू शकते. प्रोसेसरची ८ पिनची वायर कार्डाच्या ८ पिनसारखीच दिसते, पण तिची जोडणी उलटी असते. ती दाबून बसवली तर कार्डही जाईल आणि मदरबोर्डही.

एसएमपीएस बदलायचा नसेल, तर जादा वायर न लागणारं कार्ड घ्या. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॉटचं आहे. जीटीएक्स १६५० ७५ वॉटचं आहे, पण त्याच्या काही मॉडेलना ६ पिन लागते, म्हणून फोटोत कार्डाची वरची कड तपासून घ्या.

सोलापुरात कंपन्यांमधून निघालेले डेल आणि एचपीचे रिफर्बिश्ड पीसी पुष्कळ आहेत. त्यातल्या बुटक्या, अरुंद कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड बसतच नाही. लो प्रोफाइल कार्ड आणि त्याची आखूड पट्टी मागून घ्या. या पीसींचा एसएमपीएस साधारण २४० वॉटचा असतो. बऱ्याचदा त्याचा आकार आणि कनेक्टर कंपनीचा स्वतःचा असतो, त्यामुळे बाजारातला नेहमीचा एसएमपीएस तिथे लागत नाही.

दुसऱ्या पिढीच्या आय३-आय५ पीसीत पीसीआय एक्सप्रेस स्लॉट जुन्या, २.० आवृत्तीचा असतो. नवं कार्ड त्यात चालतं, पण आरएक्स ६४०० सारखी फक्त चार लेनची (डेटाच्या वाटांची) कार्डं तिथे बरीच मंदावतात. इंटेलचं आर्क कार्ड जुन्या पीसीत घेऊच नका. त्याला लागणारी रीसाइझेबल बारची, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय या बोर्डांवर नसते.

डिस्प्ले येत नसेल तर आधी मॉनिटरची केबल बघा. ती बोर्डाच्या पोर्टमधून काढून कार्डाच्या पोर्टमध्ये लावलीत का? जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागेल. मग कार्ड काढून पुन्हा बसवा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी कट् वाजली पाहिजे. तरीही काळा पडदा असेल, तर कार्ड काढा, बोर्डाच्या डिस्प्लेवर पीसी चालू करा आणि बायोसची, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची, आवृत्ती बघा. २०११-१२ च्या काही बोर्डांना बायोस अपडेट केल्याशिवाय नवी कार्डं ओळखता येत नाहीत. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसशिवाय ते काम करू नका.

यूपीएसचंही गणित करा. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. मॉनिटरही त्यावरच असतो. गेममध्ये लोड वाढला की तो बीप देऊन बंद पडतो आणि आळ मात्र कार्डावर येतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं आणि धुळीचं काय? एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना भिंतीला चिकटवलेलं कॅबिनेट आत भट्टी होतं. यंत्रमागाजवळच्या घरांत, कारखान्यांच्या ऑफिसांत कापसाचा बारीक तंतू असतो. तो पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये जमून नमद्यासारखा करडा थर बनतो. पंखा फिरताना दिसतो, पण हवा पलीकडे जात नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली जीपीयूचं, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचं, तापमान दिसतं. ते ८५ अंशांच्या वर राहत असेल, तर आधी सफाई करा आणि मग चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बदला.

जुनं कार्ड काढण्याआधी त्याचा ड्रायव्हर डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या प्रोग्रॅमने साफ करा, विशेषतः एएमडी कंपनीच्या कार्डावरून एनव्हीडियाच्या कार्डावर जात असाल तर.

सेकंड हँड घेताना डोळे उघडे ठेवा. जीटीएक्स ५५० टीआयसारख्या जुनाट चिपवर कार्डाचा बायोस बदलून '१०५० टीआय' म्हणून विकलेली बनावट कार्डं बाजारात आहेत. कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड प्रोग्रॅम उघडला की अशी बरीच कार्डं पकडली जातात. अस्सल १०५० टीआय घेतानाही लक्षात ठेवा, एनव्हीडियाने त्या पिढीचे नियमित गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतील, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. १६५० पुढच्या पिढीचं आहे, त्याला हा अडसर नाही. विकणाऱ्याच्याच पीसीवर अर्धा तास गेम चालवून बघा, पंख्यांचा आवाज ऐका, सगळे पोर्ट तपासा आणि मगच पैसे द्या.