गच्चीवर कृत्रिम गवत आणि घरात कुत्रा : वास, ऊन आणि पाऊस कसा सांभाळावा

आमच्या गच्चीवरचं पहिलं कृत्रिम गवत मी आठ महिन्यांनी एका कोपऱ्यातून उचललं, तेव्हा डोळ्यांना झोंबणारी भपकन वाफ आली. वरून सगळं हिरवंगार होतं. रोज पाणी मारत होतो, आठवड्याला घासत होतो. पण खालच्या बाजूला काळपट, बुळबुळीत थर साचला होता. फरशी आणि गवत यांच्यामध्ये पाणी जायला वाटच नव्हती. चिकू, आमचा बावीस किलोचा देशी कुत्रा, महिनाभर त्या कोपऱ्याकडे फिरकत नव्हता. त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून कोणी विचारलं की सांगतो, गवत निवडण्याआधी गवताखालचं बघा. खऱ्या हिरवळीत शू मातीत मुरते, मातीतले जिवाणू तिच्यातला युरिया फोडतात आणि त्यातला नायट्रोजन गवत शोषून घेतं. एकाच जागी जास्त झाली तर गवत पिवळं पडून जळतं, पण वास राहत नाही. प्लास्टिकचं गवत जळत नाही आणि काही शोषूनही घेत नाही. युरियाचा अमोनिया तिथेही होतोच, फक्त तो जिथल्या तिथे राहतो. निरोगी कुत्रा दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण 20 ते 40 मिलिलिटर शू करतो. चिकूसारख्या कुत्र्याने त्यातली निम्मी बाहेर फिरताना केली, तरी महिन्याला सात ते तेरा लिटर गच्चीवर. मातीने केलं असतं ते सगळं काम आता पाण्याने आणि आपल्या हाताने करायचं आहे, एवढं धरून चाला.

पहिली पायरी : दोन बादल्या पाणी

गवताच्या दुकानात जाण्याआधी गच्चीवर किंवा टेरेसवर दोन बादल्या पाणी ओता आणि अर्ध्या तासाने या. जिथे पाणी साचलेलं दिसेल तिथे गवत नको, किंवा आधी ढाळ दुरुस्त करून घ्या. दहा फुटांना एक ते सव्वा इंच उतार असेल तर पाणी आपसूक निचऱ्याच्या जाळीकडे जातं. जाळी गवताखाली झाकली जाणार नाही, हेही आत्ताच ठरवा. पानं, केस आणि पावसाचा गाळ काढायला तिथे हात पोचलाच पाहिजे.

वॉटरप्रूफिंग जुनं असेल तर ते आधी. गवताखाली ओल सतत राहिली की खालच्या घरातल्या छताला डाग पडतात आणि मग सोसायटीच्या बैठकीत गवताचा आणि कुत्र्याचा विषय एकदमच निघतो. गच्चीत खिळे, स्क्रू अजिबात मारू नका. एक भोक पुरतं पाणी शिरायला.

दुसरी पायरी : गवत हातात घेऊन बघा

उंच, मऊ, गालिच्यासारखं गवत दुकानात फार छान वाटतं. कुत्र्याच्या घरात ते घेऊ नका. 25 ते 30 मिलिमीटर उंचीची पाती पुरेत. त्याहून लांब पातींत केस आणि शी अडकते, आणि ती काढताना अक्षरशः बोटांनी विंचरावं लागतं. बऱ्याच गवतांत बुडाशी कुरळ्या तपकिरी धाग्यांचा थर असतो, सुकलेल्या गवताचा भास व्हावा म्हणून. तो जितका कमी तितकं धुणं सोपं.

मग तुकडा उलटा करा. पाठीला पाणी जायची भोकं किती अंतरावर आहेत ते बघा आणि दुकानदाराला त्यावर ग्लासभर पाणी ओतायला सांगा. पाणी वरच तळं करून थांबलं तर दुसरा तुकडा मागा. दोन-चार पाती चिमटीत धरून ओढा. सहज निघाली तर कुत्र्याच्या नखांपुढे ती टिकणार नाहीत. नाकाजवळ धरून उग्र रबरासारखा वास येतोय का तेही पाहा. शिसं नसल्याचा चाचणी अहवाल मागायला संकोच करू नका. 2008 साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये काही जुन्या नायलॉनच्या टर्फ मैदानांत शिसं आढळलं होतं. आपल्या घरातला प्राणी हे गवत चाटतो, चावतो, त्यामुळे हा प्रश्न विचारायलाच हवा.

तिसरी पायरी : अंथरताना

टेरेसवर गवताखाली ड्रेन सेल घाला. ही जाळीदार प्लास्टिकची चौकोनी तबकं असतात, एकमेकांत अडकतात, आणि गवत फरशीपासून इंचभर वर उचलून धरतात. खालून पाणीही जातं आणि हवाही खेळते. पहिल्या वेळी मी हा खर्च वाचवला, आणि सगळं गवत फेकावं लागलं.

दुसरी गोष्ट, गवत फरशीला चिकटवू नका. बहुतेक रोल दोन मीटर, म्हणजे साधारण साडेसहा फूट रुंद येतात. आख्खी गच्ची एकसंध दिसावी म्हणून कामगार जोडपट्टी आणि गोंद लावून देतात. मी आता चार बाय सहा फुटांचे सुटे तुकडे ठेवतो. कडेला कुंड्या ठेवल्या की ते हलत नाहीत, आणि एकटा माणूस एक तुकडा उचलून कठड्यावर वाळत घालू शकतो. सगळ्या तुकड्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली ठेवा, नाहीतर प्रत्येक तुकड्याचा हिरवा वेगळा दिसतो.

वरून वाळू पसरायचा सल्ला मिळेल. मैदानासाठी तो ठीक आहे, टेरेसवर ती वाळू धुताना जाळीत जाऊन बसते. रबराचे काळे दाणे तर कुत्र्याच्या घरात नकोतच. ते तापतात, आणि पिल्लं ते खातात. काही घालायचंच असेल तर झिओलाइट हे खनिज घ्या, ते अमोनिया धरून ठेवतं. पण त्याची क्षमता भरते, मग तेही धुवावं आणि काही काळाने बदलावं लागतं.

बंगल्याच्या अंगणात गवत टाकणाऱ्यांनी माती धुमसून त्यावर तीन-चार इंच बारीक खडी घालावी आणि गवत त्यावर टाकावं. मातीवर थेट टाकलं तर पहिल्याच पावसात खाली चिखल होतो.

चौथी पायरी : शूचा कोपरा

सगळी गच्ची धुण्यापेक्षा एक तुकडा धुणं सोपं. जाळीच्या सर्वांत जवळचा तुकडा शूसाठी राखा. कुत्र्याची शू टिपलेला वर्तमानपत्राचा कागद दोन-तीन दिवस तिथे ठेवा, सकाळी उठल्याबरोबर आणि जेवणानंतर पट्टा लावून तिथेच न्या, झाली की लगेच खाऊ द्या. नर कुत्र्याला पाय वर करायला काहीतरी उभं लागतं. त्या कोपऱ्यात एक रिकामी जड कुंडी किंवा ओंडका ठेवला तर तो तुळशीच्या आणि कढीपत्त्याच्या वाटेला जात नाही. चिकूला ही सवय लागायला तीन आठवडे लागले. मोठ्या वयाच्या दत्तक कुत्र्याला जास्त लागतील. रागावू नका, उचलून कोपऱ्यात न्या आणि थांबा.

पाचवी पायरी : धुणं

रोज शूच्या कोपऱ्यावर बादलीभर पाणी, ते शक्यतो शू केल्यावर लगेच. वाळायच्या आधी पाणी पडलं तर निम्मं काम तिथेच होतं. उन्हाळ्यात टँकरच्या दिवसांत बादलीभर पाणी असं ओतायला जिवावर येतं, म्हणून आम्ही स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी एका पिंपात साठवतो. या कामाला ते अगदी चालतं. क्षारांमुळे पातींवर पांढरट झाक येते, ती आठवड्याच्या धुण्यात निघते.

शी लगेच सुपडीने उचलायची. पातळ झाली असेल तर पुसायला जाऊ नका, फडक्याने ती पातींच्या बुडाशी जाते. वर थोडी कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाका, जरा सुकू द्या, उचला आणि मग पाइपने जोराचं पाणी मारा. हे पाणी जाळीकडे जाताना आपण मागे उभे राहायचं, पुढे नाही.

आठवड्यातून एकदा पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून शूच्या कोपऱ्यावर शिंपडा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, धुवा. व्हिनेगरचं आम्ल अमोनियाला मारतं. वास खोल बसला असेल तर पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइमवाला क्लीनर वापरा. तो लगेच धुऊन टाकू नका, बाटलीवर लिहिलेला वेळ ओला राहू द्या, कारण एन्झाइमला काम करायला वेळ लागतो. नंतर खराट्याने पातींच्या झुकावाच्या उलट दिशेने झाडा. केस वर येतात आणि पाती उभ्या राहतात.

महिन्यातून एकदा तुकडे उचलायचे, उलटे करून उन्हात टाकायचे, ड्रेन सेल आणि फरशी घासायची. हा महिन्याचा अर्धा दिवस टाळला तर बाकीचं सगळं वरवरचं आहे.

काय वापरू नये

आपल्याकडे घाण म्हटली की हात फिनेलच्या बाटलीकडे जातो. फिनेल कुत्र्याच्या पंजांना लागतं, तो पंजे चाटतो, आणि ते पोटात जातं. त्याने तोंड आणि पोट पोळतं, जास्त गेलं तर जिवावर बेतू शकतं. संडास साफ करायचं ॲसिडही नको.

ब्लीचबद्दल नीट लक्षात ठेवा. शू असलेल्या जागी ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर टाकली तर अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइनचे विषारी वायू निघतात. व्हिनेगरबरोबर ब्लीच आलं तर क्लोरीन निघतो. बंद बाल्कनीत हे माणसालाही घातक आहे. अपवाद एकच, घरात पार्व्हो हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार होऊन गेला असेल तर. पार्व्होचा विषाणू वातावरणात कित्येक महिने टिकतो आणि साध्या क्लीनरने मरत नाही. तेव्हा गवत आधी नुसत्या पाण्याने स्वच्छ धुवायचं, मग एक मग साध्या घरगुती द्रवरूप ब्लीचला तीस मग पाणी या प्रमाणात लावून दहा मिनिटं ठेवायचं, भरपूर पाण्याने धुवायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला येऊ द्यायचं नाही. खरं तर अशा वेळी गवत टाकून द्यावं असं माझं मत आहे. नवीन पिल्लाच्या जिवापुढे गवताची किंमत काहीच नाही.

उन्हाळा

ही वस्तू मुळात मैदानांसाठी आली. 1966 साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या छत असलेल्या ॲस्ट्रोडोममध्ये ती अंथरली गेली आणि तिथूनच ॲस्ट्रोटर्फ हे नाव पडलं. त्या छताखालच्या गवतावर ऊन नव्हतं. आपल्या गच्चीवर एप्रिलमध्ये दुपारी हेच प्लास्टिक साठ अंशांच्या वर सहज जातं. खरं गवत पानांतून बाष्प सोडून थंड राहतं, प्लास्टिकला ते जमत नाही.

चिकू एकदा दुपारी दार उघडं दिसताच बाहेर पळाला आणि मधोमध जाऊन एकेक पंजा उचलत उभा राहिला. पुढेही जाईना, मागेही येईना. मी चप्पल घालून जाऊन त्याला उचलून आणलं. उजव्या पुढच्या पंजाची गादी लाल झाली होती आणि दुसऱ्या दिवशी तिची कातडी सुटली. आठवडाभर मलमपट्टी चालली.

तेव्हा तळहाताची उलटी बाजू गवतावर सात सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर कुत्र्याला सोडू नका. पाणी मारलं की गवत गार होतं, पण रणरणत्या उन्हात अर्ध्या तासात परत तापतं. खरा उपाय सावलीचा. हिरवी शेडनेट बांधा, निदान शूच्या कोपऱ्यावर तरी. मार्च ते जून आमच्या गच्चीचं दार सकाळी दहाला बंद होतं आणि सूर्य कलल्यावर उघडतं. शेजारच्या इमारतीच्या काचांवरून परतणारं ऊन गवतावर पडत असेल तर पाती वितळून चिकटू शकतात, तेही एकदा दुपारी उभं राहून बघा.

पावसाळा

पहिला वळीव पडला की वास उसळतो, कारण महिनोन्महिने सुकून बसलेल्या युरियाला ओलावा मिळतो. म्हणून मेअखेरीस एकदा सगळं उचलून धुऊन घ्या. पुढे संततधार लागली की धुवायचं काम पाऊस करतो, पण वाळवायचं कोणी करत नाही. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर मी गवत गुंडाळूनच ठेवायला सांगेन. पुण्यात उघडीप मिळते, ती मिळाली की तुकडे कठड्यावर टाका.

साचलेलं पाणी म्हणजे डास, आणि त्याहून मोठी भीती लेप्टो या आजाराची. त्याचा जिवाणू उंदरांच्या आणि बाधित कुत्र्यांच्या लघवीतून ओल्या जागी पसरतो आणि जखमेतून शरीरात जातो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. कुत्र्याला दरवर्षी लेप्टोची लस द्या आणि गवत धुताना पायात गमबूट घाला. गोचिडीही गवताच्या कडांखाली आणि भिंतीच्या फटींत लपतात, तेव्हा तुकडे उचलाल तेव्हा कोपरे टॉर्च मारून बघा.

चावणारा कुत्रा असेल तर

दात येणारं पिल्लू घरात असेल तर सहा-आठ महिने थांबा. पाती गिळली गेली तर आतड्यात अडकू शकतात. मोठा कुत्रा एकाच कडेला उकरत असेल तर तिथे आधी खालून वास येतोय का ते बघा, मग त्याच्या कंटाळ्याचा विचार करा. उलटी होत असेल, खाणं बंद झालं असेल आणि गवताची कड कुरतडलेली दिसली, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि गवताचा तुकडा सोबत ठेवा.

शूच्या कोपऱ्यातला तुकडा बाकीच्यांच्या आधी जातो. धुऊन, उन्हात वाळवूनही दुसऱ्या दिवशी वास येत असेल तर तो संपला. म्हणून खरेदीच्या वेळीच दोन तुकडे जास्तीचे कापून घ्या आणि सावलीत ठेवा, नंतर तोच रंग मिळत नाही. आणि रोजचं फिरणं बंद करू नका. आमच्या टेकडीवर पोचल्यावर चिकू पहिली दहा मिनिटं नाक मातीला लावूनच असतो.