नाशिकच्या हवेत सिगार सांभाळताना या चुका टाळा

गेल्या श्रावणात माझा मावसभाऊ सिडकोतून एक लाकडी पेटी काखेत मारून घरी आला. "दादा, जरा बघ ना, यांच्यावर ही पांढरी पावडर कसली आलीय?" झाकण उघडताच बंद कपाटाला येतो तसा कुबट वास आला. बारांपैकी नऊ सिगारींवर पांढरट-हिरवी लव धरली होती. कोपऱ्यात स्पंजचा तुकडा, नळाच्या पाण्याने टच्च भरलेला. तो दर रविवारी न चुकता भरायचा. सिगारला ओलावा लागतो, एवढंच त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

सांगितलं ते खोटं नाही. पण हे सल्ले बहुतेक थंड देशांतून येतात. तिथे घरं हीटरने तापवतात, हवा सुकते, मग पाणी भरत राहावं लागतं. नाशिकला जून ते सप्टेंबर ओलावा द्यायचा नसतो, काढून घ्यायचा असतो. मे महिन्यात दुपारी हॉलमधलं माझं आर्द्रता मोजायचं मीटर 25 टक्क्यांच्या खाली जातं आणि जुलैत तेच 85 दाखवतं. सिगारला बारा महिने हवी असते 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि 18 ते 21 अंश तापमान. आपल्याकडे 65 धरलेलं बरं.

चूक पहिली: फक्त ओलावा देणारं साधन

स्पंज, फोम, जेलचे मणी, कोणी कोणी ठेवतात ती सफरचंदाची किंवा बटाट्याची फोड, हे सगळं पाणी देतं. परत घेत मात्र नाही. फोड तर चार दिवसांत स्वतःच बुरशी धरते. पावसाळ्यात असं साधन आत ठेवलं की पेटीतली हवा 75-80 टक्क्यांवर जाते आणि सिगार पापडासारखी सादळते. सादळलेली सिगार फुगते, वरचं पान म्हणजे रॅपर उलतं, ओढायला जड जाते, एका बाजूने जळते आणि कडवट लागते.

यावर मला सगळ्यात खात्रीचा वाटणारा उपाय म्हणजे दोन्हीकडून काम करणारी पाकिटं. त्यांच्यात क्षारांचं संपृक्त द्रावण असतं. हवा कोरडी झाली तर ते पाणी सोडतं, ओली झाली तर ओढून घेतं. पाकिटावर आर्द्रतेच्या टक्क्यांचा आकडा छापलेला असतो: 62, 65, 69, 72. नाशिकसाठी 65 घ्या. साधारण 25 सिगारींना 60 ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. पाकीट हाताला कडक, कुरकुरीत लागायला लागलं की बदलायचं. जुनं फोमचं साधनच वापरायचं असेल तर मृग लागताच बाहेर काढा आणि दिवाळीनंतरच परत ठेवा.

चूक दुसरी: मीटरवर आंधळा विश्वास

पेटीसोबत येणारं काट्याचं गोल हायग्रोमीटर दिसायला देखणं असतं, पण पाच-दहा टक्क्यांनी चुकणं त्याला नवं नाही. साधं डिजिटल मीटर घ्या आणि तेही आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यावर थेंब थेंब पाणी सोडायचं. मीठ ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळता कामा नये. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून एक दिवस न हलवता ठेवा. मिठाच्या अशा ओल्या लगद्यावरची हवा 25 अंशांच्या आसपास 75 टक्क्यांवर स्थिरावते. मीटरने 71 दाखवलं तर ते चार टक्के कमी दाखवतंय. 'अधिक 4' असं त्याच्यावर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांनी वजा करायचे की मिळवायचे हे आठवत नाही.

मीटर हवेची आर्द्रता सांगतं, सिगारच्या आत काय चाललंय ते नाही. त्यासाठी बोटंच लागतात. माझी आजी सिन्नरला विड्या वळायची. तेंदूची पानं भिजवून रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली असायची. सकाळी ती एक पान उचलून तर्जनीभोवती हळूच वळवायची. कडेला बारीक तडा गेला की पानं कोरडी, बोटाला चिकटलं की थोडा वेळ पसरून ठेवायची. सिगारही तशीच बघा. अंगठा आणि बोटात हलकेच दाबली की थोडी दबून परत वर आली पाहिजे. करकर आवाज आला तर कोरडी आहे. दाबल्या जागी खळगा राहिला तर ओली.

चूक तिसरी: लाकूड आणि पाणी

चांगल्या ह्युमिडॉरच्या, म्हणजे सिगार ठेवायच्या पेटीच्या, आतलं लाकूड स्पॅनिश सिडार म्हणून विकतात. खरं तर ते झाड सिडार नव्हेच, ते आपल्या कडुनिंबाच्या आणि महोगनीच्या कुळातलं आहे. देवदार हा खरा सिडार, पण त्याच्या राळेचा उग्र वास सिगारला लागतो. म्हणून सुताराकडून पेटी करून घेताना देवदार वापरू नका.

नवी पेटी कोरडी असते आणि पहिले काही आठवडे सिगारचाच ओलावा पिते. ते टाळायला लोक आतून ओलं फडकं फिरवतात, त्याने लाकूड फुगतं आणि झाकण वाकडं होतं. त्याऐवजी रिकाम्या पेटीत 84 टक्क्यांचं पाकीट दोन आठवडे बंद करून ठेवा. फोम भरायचा तर डिस्टिल्ड वॉटरनेच भरा. बोअरचं जड पाणी सुकलं की फोममध्ये क्षार बसतात आणि तो पाणी सोडेनासा होतो.

आणि पेटी ठासून भरू नका. लासलगावकडे कांदा चाळ पाहिली असेल, तळ जमिनीपासून उचललेला आणि बाजूंना फटी, म्हणजे हवा खालूनही खेळते. पेटीतही थोडी जागा मोकळी राहू द्या.

लाकडी पेटी परवडत नसेल तर रबरी कडेचा, हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात 65 चं पाकीट. नाशिकच्या पावसाळ्यात हा स्वस्त डबा महागड्या पेटीपेक्षा चांगला टिकाव धरतो, हे मी अनुभवाने सांगतो. स्टीलचा डबा मात्र नको, त्याचं झाकण क्वचितच हवाबंद असतं.

बुरशी लागलीच तर

पांढरं काही दिसलं की बुरशीच समजा. कोणी सिगारची साखर वर आली म्हणेल, त्यावर विसंबू नका. जळणाऱ्या तोंडाशी आत लव गेली असेल तर ती सिगार फेकून द्या. भावाच्या पेटीतल्या चार अशाच गेल्या. ज्यांच्या फक्त अंगावर थोडी होती, त्या कोरड्या कापडाने पुसून वेगळ्या डब्यात 62 च्या पाकिटासोबत ठेवल्या. पेटी आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि वास पूर्ण जाईपर्यंत सावलीत उघडी ठेवली.

कोरड्या पडलेल्या सिगारला मात्र घाई नडते. एकदम ओलावा दिला तर सिगार फुगते आणि रॅपर फाटतं. आधी 62 वर तीन आठवडे, मग 65 वर. उडून गेलेला सुगंध काही परत येत नाही.

उन्हाळा आणि किडे

रॅपरवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर तो किडा आहे. घरातल्या हळद-मिरचीच्या डब्यात होतो तोच. तापमान 22-24 अंशांच्या वर गेलं की त्याची अंडी फुटण्याचा धोका वाढतो, आणि आपला एप्रिल-मे तर कुठल्या कुठे असतो. सिगारी दुहेरी झिपच्या पिशवीत बंद करून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर. पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर थंड पानांवर दव धरतं.

कायमचं फ्रीजमध्ये ठेवणं मात्र चूक. तिथली हवा कोरडी असते आणि लसणाचा वास दोन दिवसांत लागतो. उन्हाळ्यात डबा पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, आतल्या खोलीत, कपाटाच्या तळच्या कप्प्यात ठेवा. सहलीला नेतो तसला जाड भिंतींचा आईस बॉक्स मिळाला तर डबा त्यात ठेवा. बर्फ घालायचा नाही, फक्त दिवसाचं तापमान आत पोचायला वेळ लागावा एवढ्यासाठी. माझा तसाच जिन्याखाली असतो.