मुलींना कॉम्प्युटर शिकवताय? मग या चुका टाळा

मुलींसाठी कॉम्प्युटर क्लास सुरू करायचाय, काय काय लागेल, असं विचारणारे खूप जण भेटतात. उत्साह दांडगा असतो पण चुका त्याच त्या, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मुलीच्या हातातून माउस काढून घेणं. ती कुठे अडकली की शिकवणारा मागून येतो, "थांब, मी दाखवतो" म्हणतो, खटाखट चार क्लिक करतो आणि पुढे निघून जातो. तिच्या पदरात काय पडलं? हे आपल्याला जमणारं काम नाही, एवढंच. एका वर्गात मी मागे बसून बघत होते, एका मशीनवर तिघं, दोन मुलगे आणि एक मुलगी. स्क्रॅच म्हणजे रंगीत ब्लॉक जोडून मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं सॉफ्टवेअर, त्यातलं मांजर स्क्रीनच्या कडेला आपटून परत फिरवायचं होतं. माउस मुलाकडे, आणि मुलगी त्याला सांगतेय की तो "इफ ऑन एज, बाउन्स"वाला ब्लॉक "फॉरएव्हर"च्या आत टाक, बाहेर टाकलास तर एकदाच चालेल. अगदी बरोबर सांगत होती. त्याने टाकला, मांजर फिरलं, शाबासकी त्याला मिळाली आणि हिला सांगितलं की तू वहीत लिहून घे, तुझं अक्षर चांगलं आहे. पुढे ज्याचं त्याने प्रोजेक्ट करायची वेळ आली तेव्हा हीच मुलगी साधा ब्लॉक ओढून जोडताना चाचपडत होती, कारण डोक्यात सगळं असलं तरी हाताला सवयच नव्हती. त्यावर सरांचं म्हणणं काय, तर मुलींना यात रस नसतो! मला अजून राग येतो त्याचा.

माझी सवय सांगते. मी वर्गात हात मागे बांधूनच फिरते, स्क्रीनकडे बोट दाखवेन पण माउसला हात लावणार नाही. मशीन कमी असतील तर टायमर लावायचा आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलायची, कुणाची कितीही कुरकुर असो. वेळ जास्त लागतो, लागू दे. अर्धाच सिलॅबस झाला तरी चालेल, पण तो तिच्या हाताने झाला पाहिजे.

दुसरी चूक अकाउंटची, आणि हिच्याकडे कुणी बघतच नाही. मुलीला लॅपटॉप मिळतो पण ईमेल भावाच्या नंबरवर उघडलेला असतो, म्हणजे ओटीपी भावाच्या फोनवर. तो बाहेर गेला की हिचं काम बंद. एकीच्या भावाने नंबर बदलला आणि तिचं सगळं केलेलं काम त्या अकाउंटमध्ये अडकलं ते अडकलंच. त्यामुळे पहिल्याच दिवशी तिचा स्वतःचा ईमेल, पासवर्ड तिनेच ठरवलेला. गुगलवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, चालू केलं की फोन हाताशी नसताना वापरायचे दहा बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक कोड एकदाच चालतो, ते कागदावर लिहून तिच्याकडेच ठेवायचे. आणि लहान मुलींसाठी जन्मसाल खोटं टाकायचा शॉर्टकट कृपा करून मारू नका. बहुतेक देशांत 13 वर्षांखाली पालकांच्या देखरेखीचं अकाउंट लागतं, ते तसंच उघडा, खोटं वय लक्षात आलं तर अकाउंट बंद होऊ शकतं.

एक दिवसाचं वर्कशॉप, सर्टिफिकेट, फोटो, संपलं. एप्रिलच्या चौथ्या गुरुवारी "गर्ल्स इन आयसीटी डे" (आयसीटी म्हणजे माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान) असतो, जरूर साजरा करा, पण शुक्रवारी लॅब उघडी पाहिजे.

पोस्टर गुलाबी केल्याने मुली येत नाहीत.

ज्याला आधीपासून येतं तोच हुशार, असं धरून चालू नका. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1995 मध्ये कॉम्प्युटर सायन्सला नव्याने आलेल्यांत मुली 7 टक्के होत्या, 2000 मध्ये 42 टक्के झाल्या. त्यांनी प्रवेश देताना आधीच्या कोडिंगच्या अनुभवाला दिलेलं महत्त्व कमी केलं आणि नवख्यांना सुरुवातीला वेगळा कोर्स दिला. तुमच्या वर्गातही नवख्यांची बॅच वेगळी करा, नाहीतर दोन जण पटापट उत्तरं देतात आणि बाकीच्या गप्प होतात.

पहिल्याच आठवड्यात "एआय शिकवा" म्हणणारे अधीर लोकही असतात. फक्त फोन वापरलेल्या मुलीला फाइल कुठे सेव्ह झाली ते सापडत नसतं हो. फोल्डर, फाइलला नाव देणं, अटॅचमेंट, कीबोर्डवर टायपिंग, यावर वेळ घालवा, मी तर घालवतेच.

आणि घरच्यांशी आधीच बोला. कुणी घाणेरडा मेसेज पाठवला की घरचे मुलीचाच फोन काढून घेतात, मग पुढच्या वेळी ती सांगतच नाही, एकटीच सहन करत बसते. माझ्याकडे पालकांच्या पहिल्या मीटिंगमध्ये हे स्पष्ट ठरतं की तिने येऊन सांगितलं तर फोन तिच्याकडेच राहील. मुलींना क्रम पाठ करून घेते: आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक, आणि चॅट डिलीट करायचं नाही, तक्रार करताना तोच पुरावा लागतो.