नवीन क्लास डी अँप (स्पीकर वाजवणारा अँप्लिफायर) घ्यावा का जुन्या पद्धतीचा क्लास एबीच ठेवावा?
भो, मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो, तेव्हा जोरात वाजणाऱ्या एबी अँपच्या हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) हात लावून बघा, चटकाच बसतो, कारण बरीचशी वीज नुसती उष्णतेत जाते. क्लास डी ९० टक्क्यांपर्यंत वीज स्पीकरला देतो, म्हणून नवीन घ्यायचा तर डीच बघा. टीपीए३११६ या क्लास डी चिपचा बोर्ड असेल तर सप्लाय २४ व्होल्टचा, दमदार करंटवाला लावा, नाहीतर अडॅप्टर फालतू आन् शिव्या अँपला! व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ट्वीटरला (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला) कान लावा, सूं सूं लांबूनही ऐकू आली तर परत करा. घरचा जुना एबी चालतोय ना? मग भंगारात देऊ नका, कपॅसिटर बदलून घ्या, ते गल्लीतला मेकॅनिकपण करतो, डीचा बारीक चिपवाला बोर्ड जळाला तर बहुतेकदा अख्खाच बदलावा लागतो.