बिलाचा मेल खरा का खोटा? थंडरबर्डमध्ये सही आणि एन्क्रिप्शन असं सुरू करा

आमच्या मामाचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे, मागच्या वर्षी त्याच्या एका पार्टीला मामाच्याच मेल आयडीवरून मेल गेला की बँक खातं बदललंय, पेमेंट नवीन खात्यात टाका. पार्टीने फोन करून विचारलं म्हणून वाचलं, नाहीतर गेलेच होते पैसे. कोणीतरी मेलचा पासवर्ड उडवला होता.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतोय की एन्क्रिप्शन (म्हणजे मेल लॉक करणं) नंतर बघा, आधी डिजिटल सही चालू करा. सोलापुरी लेबल कुठल्याही चादरीला लावता येतं ना, तसंच पाठवणाऱ्याचं नाव कोणालाही टाकता येतं. सहीसाठी मात्र तुमची प्रायव्हेट की, म्हणजे फक्त तुमच्याकडची गुप्त डिजिटल चावी लागते आणि ती मेलबॉक्समध्ये नसते, तुमच्या कॉम्प्युटरवर असते, म्हणजे पासवर्ड चोरला तरी चोराला सही जमत नाही, आणि सही केल्यावर खाते नंबरातला एक आकडा जरी कोणी बदलला तरी ती चुकीची दाखवते.

सगळं फुकटात होतं. फिल झिमरमननं १९९१ मध्ये पीजीपी हे मेल लॉक करायचं आणि सही करायचं सॉफ्टवेअर काढलं, त्यावरूनच पुढं ओपनपीजीपी ही सगळ्यांना वापरता येणारी पद्धत आली, आणि थंडरबर्ड या कॉम्प्युटरवर मेल वापरायच्या फुकट प्रोग्राममध्ये ती २०२० पासून आतच आहे. आधी थंडरबर्ड टाकून त्यात मेल अकाउंट जोडा, जीमेल पण चालतं. मग अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ उघडा, ‘अ‍ॅड की’ दाबा, नवीन ओपनपीजीपी की तयार करा. मुदत तीन वर्षांची येते, तीच राहू द्या, संपायच्या आधी वाढवता येते. की तयार झाली की त्याच पानावर ती निवडायला विसरू नका, मामाने इथंच गडबड केली आणि दोन दिवस म्हणत बसला चालतंच नाही म्हणून. खाली सही बाय डीफॉल्ट करायचा पर्याय आहे, तो चालू करून टाका.

आता बॅकअप, हे उद्यावर टाकू नका. टूल्समधल्या ‘ओपनपीजीपी की मॅनेजर’मधून सीक्रेट कीचा (म्हणजे प्रायव्हेट कीचाच) बॅकअप घ्या, चांगला पासवर्ड द्या, पेन ड्राइव्हवर टाकून कपाटात ठेवा. हार्ड डिस्क गेली आणि बॅकअप नसला तर एन्क्रिप्ट होऊन आलेले जुने मेल कायमचे बंद, कोणताही कॉम्प्युटरवाला ते उघडून देऊ शकत नाही.

मग पार्टीला एक मेल करून पब्लिक की (प्रायव्हेट कीची जोडीदार चावी) जोडा. ही कोणालाही दिली तरी चालते, हिनं सही तपासता येते आणि तुम्हाला पाठवायचा मेल लॉक करता येतो, उघडायला मात्र तुमचीच प्रायव्हेट की लागते. समोरच्याने की इम्पोर्ट केली की फोन लावून कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिचा ओळख नंबर, वाचून घ्या, चाळीस अक्षरं-आकडे असतात, कंटाळा येतो पण वाचा, कारण चोर स्वतःची की तुमच्या नावानं पाठवू शकतो. नंबर मात्र आधीपासून माहीत असलेलाच लावा, मेलमध्ये आलेला नाही. जुळलं की मगच ‘अ‍ॅक्सेप्ट’.

त्यांचीही की तुमच्याकडे आली की मेल लिहिताना ‘एन्क्रिप्ट’ दाबायचं, बास. आतला मजकूर आणि अटॅचमेंट झाकली जाते, पण कोणी कोणाला कधी मेल केला हे उघडंच राहतं, त्यामुळे एकदम गुप्त झालं असं समजू नका.

सहीचा मेल मोबाईलवर उघडला की asc वाली एक बारकी फाइल दिसते, आमच्या अकाउंटंटने व्हायरस समजून मामाला फोन केला होता, तेवढं आधीच सांगून ठेवा. आणि जीएसटी, टेंडरला लावतो तो डीएससीचा (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटचा) डोंगल वेगळा, आयटी कायदा २००० प्रमाणे मान्यता त्या सहीला आहे, तिथं ही सही चालणार नाही.