पाक अंगावर उडाला तर: भाजल्यानंतरची पहिली वीस मिनिटं

आधण उतरवायची वेळ झाली की गुऱ्हाळावरचा गुळव्या पोरांना लांब पिटाळतो. काहिलीतला पाक तेव्हा ११५ अंशांच्या वर गेलेला असतो. उकळतं पाणी निदान ओघळून जातं, पाक कातडीला धरून बसतो. शिराळ्याकडं आमच्या गुऱ्हाळावर चुलतभावाच्या मनगटावर असाच पाक उडाला. कुणीतरी पळत जाऊन टूथपेस्ट आणली आणि जाड थर फासला. दवाखान्यात तो वाळलेला थर सोडवताना तो जे ओरडला, ते अजून कानात आहे.

म्हणून आधी पाणी. नळाचं, पाइपचं, नाहीतर तांब्यानं ओतलेलं, साधं गार पाणी सलग २० मिनिटं, घड्याळ बघून. दोन मिनिटांत आग थांबल्यासारखी वाटते, पण आतली कातडी शिजतच असते. भाजून तीन तासांच्या आत हे केलं तरी उपयोग होतो. बर्फ नको, त्यानं रक्तपुरवठा आणखी कमी होतो. चिकटलेला पाक किंवा कापड ओढून काढू नका. लहान मूल असेल तर फक्त भाजलेल्या जागेवर पाणी घाला आणि बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, ते लवकर गारठतं.

पाणी चालू असतानाच अंगठी, बांगड्या, जोडवी, पोराचा करदोटा काढून घ्या. सूज चढली की ते कापावे लागतात.

विजेचा धक्का असेल तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. कपडे पेटले असतील तर माणसाला जमिनीवर लोळवा, सुती गोधडी टाका.

आता किती भाजलंय ते बघा. भाजलेल्या माणसाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का. नुसती लाली आलेली जागा यात मोजायची नाही. फोड आलेत आणि झोंबतंय, तर जखम मधल्या थरापर्यंत आहे. जागा पांढरी किंवा चामड्यासारखी झाली आणि दुखतच नाही, तर ती सगळ्यात खोल. 'दुखत नाही म्हणजे बरं आहे' असं समजून लोक घरी थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं.

चेहरा, हात, पाय, सांधे, जननेंद्रियं भाजली असतील, जखम खोल असेल, वीज किंवा रसायन असेल, तर थेट दवाखाना. मोठ्या माणसाचं १५ टक्के, मुलाचं १० टक्के भाजलं तर सलाईन लागतं, १०८ ला फोन करा. बंद खोलीत धूर कोंडला होता, आवाज घोगरा झालाय, नाकातले केस जळलेत, तर जखम दिसत नसली तरी थांबू नका. श्वासनलिका सुजते.

जखमेवर हळद, शाई, तूप काहीही नको. फोड फोडू नका. धुतलेलं सुती कापड सैल गुंडाळा, कापूस नको.

निघताना कागदावर भाजल्याची वेळ लिहा. सलाईनचा हिशेब दवाखान्यात पोचल्यापासून नाही, भाजल्या क्षणापासून धरतात, आणि पहिल्या २४ तासांतलं निम्मं पहिल्या आठ तासांतच द्यायचं असतं.